पिंपळापुऱ्यांचं विस्कॉन्सिन

डॉक्टर मंजुषा प्रधान यांनी चौतीस वर्षं शिकागोच्या एका हॉस्पिटलात पॅथॉलॉजिस्ट म्हणून काढली. माणसाच्या अंगातला नखाएवढा तुकडा काचेवर ठेवायचा, तो कसला, बरा की वाईट ते सांगायचं, आणि खाली सही करायची. रिटायर झाल्यावर नजर तशीच राहिली, बघायला मात्र काही उरलं नाही. नवरा पाच वर्षांपूर्वी गेलेला, मुलगी नीना न्यू जर्सीत पिस्कॅटवेला. शिकागोजवळच्या शॉमबर्गमधल्या त्यांच्या शांत गल्लीत कुणाचा कचऱ्याचा डबा कोणत्या वारी बाहेर येतो, एवढंच निरीक्षण बाकी होतं. त्यामुळे एप्रिलमधल्या एका शनिवारी शेजारचे पिंपळापुरे फॉइलमध्ये गुंडाळलेला अख्खा मासा घेऊन दारात उभे राहिले, तेव्हा मंजुषाबाईंना मनापासून आनंद झाला.

"घ्या डॉक्टर," पिंपळापुरे म्हणाले. "ब्राउन ट्राउट. विस्कॉन्सिनचा, अस्सल जंगली. सकाळी पावणेआठला लागला. वीस मिनिटं झुंजला हो!"

"अगंबाई! आणि साफ नाही केलात?"

"मुद्दाम नाही केला. तुम्ही अलिबागच्या. ताजेपणा कळायला हवा ना."

हेमचंद्र पिंपळापुरे मूळ नागपूरचे. जन्म पंपांची डिझाइनं करण्यात गेला आणि दोन वर्षांपूर्वी रिटायर झाल्याच्या दुसऱ्याच आठवड्यात त्यांना ट्राउटचं वेड लागलं. दर शनिवारी सव्वापाचला त्यांची गाडी निघे, दुपारी परत येई, आणि संध्याकाळी मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर माशाचा फोटो पडे. सोबत निबंध. शेजारच्या विस्कॉन्सिन राज्यातल्या टेकड्यांतले थंड झरे, चुनखडीचे खडक, माशाची चाल आणि त्याला पुरून उरलेले पिंपळापुरे. त्यांच्या बायकोनं, वसुधानं, केलेली तिरफळं घातलेली आमटी या निबंधात शेवटच्या ओळीत येई.

मंजुषाबाईंनी मासा स्टीलच्या ट्रेमध्ये ठेवला, वाचायचा दिवा जवळ ओढला आणि हातमोजे चढवले. आता ओट्यावर मासा साफ करायला हातमोजे कशाला? पण सवय ती सवय.

पहिलीच गोष्ट खटकली ती वेळेची. सव्वापाचला त्यांच्या खिडकीसमोरून निघालेला माणूस तीन तासांवरच्या झऱ्यात पावणेआठला मासा कसा पकडेल? वर वीस मिनिटं झुंज! मग त्यांनी माशाकडे नीट पाहिलं. पाठ हिरवट, पोट चांदीसारखं, आणि गालापासून शेपटीपर्यंत गुलाबी पट्टा. अंगावर मिरपूड उधळावी तसे बारीक काळे ठिपके, शेपटीवर तर गच्च. त्यांनी आयपॅडवर राज्याच्या मत्स्य खात्याचं पान उघडलं. ब्राउन ट्राउटच्या शेपटीवर ठिपके जवळपास नसतातच म्हणे. गुलाबी पट्टा आणि ठिपक्यांची शेपटी म्हणजे रेनबो. शिवाय ह्याचे कडेचे पंख झिजून बोथट झालेले. खाली लिहिलं होतं, सिमेंटच्या हौदात वाढवलेल्या माशांचे पंख असे घासले जातात.

मग पोट उघडलं. आत मक्याचे तीन दाणे निघाले, डब्यातले, गोड, पिवळेधमक. आणि गळाला लावतात तसल्या गुलाबी पिठाची एक गोळी. पिठात चमकी होती.

मंजुषाबाई एकट्याच स्वयंपाकघरात हसायला लागल्या, त्या इतक्या की हातमोजे काढून डोळे पुसावे लागले. मग माशाला हळद, तिखट, मीठ, चिंचेचा कोळ लावला, तांदळाच्या पिठात घोळवून तळला, चवीनं खाल्ला, आणि पिंपळापुऱ्यांना मेसेज केला, "अप्रतिम ब्राउन ट्राउट. विस्कॉन्सिनच्या पाण्याची चवच वेगळी."

उलट टपाली तीन अंगठे आणि झऱ्याच्या तपमानावर सतरा ओळी आल्या.

त्या रात्री नीनाला त्यांनी सगळं फोनवर सांगितलं. नीना म्हणाली, "आई, प्लीज. लीव्ह द पुअर मॅन अलोन."

"मी काय करणार आहे?" मंजुषाबाई म्हणाल्या. "मी आपली फक्त बघणार आहे."

पुढच्या शनिवारी सव्वापाचला पिंपळापुऱ्यांची गाडी निघाली आणि तिच्यामागं बरंच अंतर ठेवून मंजुषाबाईंची. विस्कॉन्सिनला जायचं तर हायवेवर चढायला हवं. पिंपळापुरे हायवेच्या पुलाखालून सरळ पुढे गेले, दोन सिग्नलनंतर डावीकडे वळले, आणि वीस मिनिटांत काउंटीच्या एका तळ्याच्या पार्किंग लॉटमध्ये थांबले. वसंतात आणि शरदात तिथे राज्य सरकार ट्रक भरभरून मासे आणून सोडतं. काठावर घडीच्या खुर्च्यांची रांग होती. पिंपळापुऱ्यांनी आपली खुर्ची एका जांभळ्या टोपीवाल्या म्हातारीशेजारी मांडली. ठरलेली जागा असावी.

मंजुषाबाईंनी गाडीत बसून, दुर्बिणीतून, साडेचार तास पाहिलं. म्हातारीनं चार मासे काढले. पिंपळापुऱ्यांनी एकही नाही. प्रत्येक वेळी दोरी हलली की ते हिसका मारून उठत आणि रिकामा गळ त्यांच्याच टोपीला अडके. म्हातारीला मासा लागला की ते मनापासून टाळ्या वाजवत. दहाच्या सुमारास त्यांनी पिशवीतून प्लॅस्टिकचा डबा काढून तिला दिला, तिनं त्यांना दोन मासे दिले. मग एक मासा हातभर लांब धरून त्यांनी वेगवेगळ्या कोनांतून फोटो काढले. मागचा पार्किंग लॉट येऊ नये म्हणून ते चक्क गवतात आडवे झाले होते.

मंगळवारी मंजुषाबाईंनी मासेमारीचं लायसन्स काढलं, वर ट्राउटसाठी लागणारा वेगळा स्टॅम्प घेतला, आणि एक स्वस्तातला गळ घेऊन त्याच तळ्यावर गेल्या. जांभळी टोपी होतीच. तिचं नाव हालिना. वय पंचाहत्तर, पोलंडहून चाळीस वर्षांपूर्वी आलेली, जन्मभर बेकरीत काम केलेलं. इंग्लिश मोजकं बोलायची, पण काही अडायचं नाही.

"शनिवारी एक इंडियन गृहस्थ येतात ना इथे?" मंजुषाबाईंनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"हेम! फार चांगला माणूस," हालिना म्हणाली. "मासा पकडता येत नाही. दोरी हलली की ओढतो. अरे, माशाला आधी तोंड तर मिटू दे! दोन वर्षं सांगतेय. एक नाही पकडला."

"एकही नाही?"

"एक कासव पकडलं. मग सोडलं." हालिनानं खुर्चीखालचा डबा काढला. आत वसुधाच्या हातच्या, काटेदार, खमंग चकल्या. "माझा नवरा मासा खात नाही. मला पकडायला आवडतं. हेम मला हे देतो, मी त्याला मासे देते. त्याची बायको फार हुशार बाई असणार." असं म्हणून ती का कोण जाणे गालात हसली.

पुढचे तीन आठवडे मंजुषाबाई दर मंगळवारी आणि गुरुवारी तळ्यावर. हालिनानं त्यांना गळ टाकायला शिकवला, दोरी हलली की मनात तीन अंक मोजायला शिकवलं. तिसऱ्या दिवशी त्यांना पहिला रेनबो लागला आणि त्या एवढ्या मोठ्यानं ओरडल्या की शेजारचे चार लोक उठून आले. हालिना पूर्वी खरोखरच विस्कॉन्सिनला जायची. मासे कसे ओळखायचे ते तिनं बोटांवर सांगितलं. फिकट अंगावर गडद ठिपके तो ब्राउन, त्यात काही लाल असतात आणि लालाभोवती निळसर कडं. गडद अंगावर फिकट ठिपके, पाठीवर किड्यांनी कोरल्यासारखी नक्षी आणि खालच्या पंखांना पांढरी किनार, तो ब्रुक. गुलाबी पट्टा तो रेनबो. लायब्ररीतून आणलेल्या पुस्तकात मंजुषाबाईंनी आणखी एक वाचला, टायगर. आई ब्राउन, बाप ब्रुक. त्याला पुढे पिल्लं होत नाहीत, आणि निसर्गात तो क्वचितच सापडतो. हालिनाला विचारलं तर ती म्हणाली, "तीस वर्षांत एकदाही नाही."

एवढी तयारी झाल्यावर मंजुषाबाई रविवारी पिंपळापुऱ्यांकडे चहाला गेल्या.

"वसुधा, मला एक हौस पुरी करायची आहे," त्या म्हणाल्या. "पिंपळापुऱ्यांचं विस्कॉन्सिन बघायचंय. एकदा न्या म्हणावं आपल्याला."

पिंपळापुऱ्यांचा कप बशीवर जरा जोरात बसला. "तुम्हाला? अहो, तिथे फार गवत असतं डॉक्टर. टिक्स असतात, गोचिड."

"पायजमा मोज्यात खोचीन."

"सध्या पाणी चढलंय."

"मी साइट चेक केली. पाणी अगदी नॉर्मल आहे."

"बैल असतात कुरणात. मोकळे."

"अहो, मग तुम्ही दर शनिवारी एकटे जाता तिथे?" वसुधा काळजीनं म्हणाली. पण बशीकडे बघत म्हणाली, आणि तिच्या तोंडाचा एक कोपरा जरा हलल्यासारखा मंजुषाबाईंना वाटला. त्यांनी तिकडे लक्ष दिलं नाही. सगळं लक्ष पिंपळापुऱ्यांकडे होतं. त्यांच्या कपाळावर घाम आला होता.

"बघू," ते म्हणाले.

"ह्या शनिवारी," मंजुषाबाई म्हणाल्या. "मी डबा करते."

मे महिन्यातला तो शनिवार अगदी लख्ख होता. हायवेवर पिंपळापुरे इतके हळू चालले होते की दुधाचे टँकर त्यांना ओलांडून जात होते. मॅडिसन मागे पडलं, टेकड्या सुरू झाल्या, लाल कोठारं आणि काळ्यापांढऱ्या गाई दिसू लागल्या, आणि पिंपळापुरे प्रत्येक पुलावर ब्रेक मारून पाण्याकडे बघायचे आणि "इथे नाही" म्हणायचे. चौथ्या पुलाला वसुधा म्हणाली, "अहो, आता कुठेतरी आहे म्हणा. मला उतरायचंय."

उतरले. झरा होता मात्र सुंदर. चार पावलांत ओलांडावा एवढा, काचेसारखा, तळाशी हिरव्या शेवाळ्याच्या वेण्या हलताहेत. वसुधानं पुलापाशी खुर्ची मांडली आणि मंजुषाबाईंचा फोन मागून घेतला, तिच्या फोनची बॅटरी गेली होती आणि तिला शब्दकोडं सोडवायचं होतं. पिंपळापुऱ्यांनी छातीपर्यंतची रबरी विजार चढवली. दुकानातल्या घड्या तिच्यावर जशाच्या तशा होत्या, आणि मागच्या बाजूला साइजचं स्टिकर.

"वा," मंजुषाबाई म्हणाल्या. "दोन वर्षं वापरून किती जपलीत!"

कुंपणावरची शिडी ओलांडून दोघं प्रवाहाच्या वरच्या अंगाला चालू लागले. पूल दिसेनासा झाला. एका वळणावर पिंपळापुऱ्यांनी मोठ्या आत्मविश्वासानं पाण्यात पाय टाकला, तो शेवाळ्यावरून सटकला, आणि ते एक गटांगळी खाऊन गळ्यापर्यंत पाण्यात बसले. विजारीत पाणी भरलं. छातीच्या खिशातून फोन निघाला तो ठिबकतच.

मंजुषाबाईंनी त्यांना हात देऊन काठावर ओढलं. ते गवतात बसून विजार उपडी करत असताना त्यांनी विचारलं, "पिंपळापुरे, इथले मासे मका खातात का हो?"

पिंपळापुऱ्यांचे हात थांबले.

"म्हणजे तुम्ही दिलेल्या माशाच्या पोटात तीन दाणे होते. आणि चमकी लावलेलं गुलाबी पीठ. मी म्हटलं, विस्कॉन्सिनच्या जंगलात कुणाचा बर्थडे होता की काय."

पिंपळापुऱ्यांनी विजार बाजूला ठेवली.

"पोट उघडलंत?" पिंपळापुरे शेवटी म्हणाले.

"मला अख्खा मासा देऊ नये कुणी."

"हालिना भेटली?"

"मंगळवारी आणि गुरुवारी. चकल्या फार आवडतात तिला."

पिंपळापुऱ्यांनी टोपी काढली, तिच्यातलं पाणी झटकलं. "पहिले तीन शनिवार मी खरंच आलो होतो हो इकडे," ते म्हणाले. "ह्याच बाजूला. काठावरूनच गळ टाकायचो. सहा तास ड्राइव्ह, हातात काही नाही. दोनदा घरी गेलो तर वसुधा वाटण करून बसलेली. काही म्हणाली नाही. वाटण फ्रीजमध्ये ठेवलं. तिसऱ्या वेळी मला त्या वाटणासमोर जाववेना. येताना तळ्यावर थांबलो, हालिनानं मासा दिला. घरी गेल्यावर वसुधा एवढी खूश झाली की कुठून आणला ते सांगायचं राहिलं. आणि मग राहूनच गेलं. फोटो मात्र मी नको होते टाकायला."

मंजुषाबाईंच्या पिशवीत आणखी पाच-सहा टोमणे तयार होते. ते तिथेच राहिले. "उठा," त्या म्हणाल्या. "गळ आणा इकडे. ती पाण्यावर तरंगणारी रंगीत बोंडी काढून टाका आधी. तो खडक दिसतो? त्याच्या वर टाका आणि दोरी वाहत खाली येऊ द्या. आणि हलली की ओढायचं नाही. मनात तीन म्हणायचे."

"तुम्हाला हे कधी आलं?"

"टाका आधी!"

पिंपळापुऱ्यांनी टाकला. अकरा वेळा काही झालं नाही. बाराव्या वेळी दोरी खडकापाशी आली, थबकली, आणि थरथरली. पिंपळापुऱ्यांचा अख्खा देह उडायच्या बेतात होता. मंजुषाबाईंनी त्यांची ओली बाही धरून ठेवली. "एक," त्या दातांतून म्हणाल्या, "दोन... तीन!"

गळाची काठी वाकली. पाण्यात काहीतरी सोनेरी उलटंपालटं झालं. पिंपळापुरे काठावरून उजवीकडे धावले, डावीकडे धावले, "डॉक्टर! डॉक्टर!" म्हणून ओरडत राहिले, आणि मंजुषाबाई बुटांसकट पाण्यात उतरून जाळं घेऊन वाकल्या. मासा जाळ्यात आला. वीतभराहून थोडा मोठा असेल. दोघंही त्याच्यावर ओणवे झाले.

असा मासा मंजुषाबाईंनी पुस्तकाबाहेर पाहिला नव्हता. अंगावर ठिपका असा नाहीच. पिवळट सोनेरी कातडीभर काळसर नागमोडी वळणं, एकमेकांत शिरलेली, गुंतलेली. मेंदूचा आडवा छेद काचेवर ठेवला तर असाच दिसतो, त्यांच्या मनात आलं. पोट नारिंगी, आणि खालच्या पंखांना पांढरी किनार.

"ब्रुक!" पिंपळापुरे किंचाळले. "पंखाची कड बघा! ब्रुक!"

"ब्रुक कसा असेल? फिकट ठिपके कुठायत?"

"मग ब्राउन!"

"ब्राउनला पांढरी किनार असते? काहीही काय बोलता? अहो, हा टायगर आहे!"

"टायगर? काहीतरीच. मी दोन वर्षं वाचतोय ट्राउटवर."

"वाचता, म्हणून रेनबोला ब्राउन म्हणता! ऐका. आई ब्राउन, बाप ब्रुक. नीट बघा, हे पंख बापाचे, आणि हा रंग..."

रंग दाखवायला मंजुषाबाईंनी हात पुढे केला. तो जाळं धरलेला हात होता. जाळं कलंडलं, गळ सुटला, पाण्यावर शेपटीचा एक फटका बसला. एवढाच.

दोघं रिकाम्या जाळ्याकडे बघत राहिले.

"फोटो," पिंपळापुरे क्षीण आवाजात म्हणाले. त्यांचा फोन गवतात वाळत होता. मंजुषाबाईंचा पुलावर, शब्दकोड्यात.

पुलापर्यंतचं अंतर पिंपळापुऱ्यांनी जवळजवळ धावत काढलं. "वसुधा! टायगर! टायगर ट्राउट! मी पकडला! हजारात एक नसतो असा. अंगभर नक्षी, ही एवढी!"

वसुधानं फोनवरून मान वर केली. नवरा टोपीपासून बुटांपर्यंत ओला, हात रिकामे. "कुठाय?"

"सुटला. म्हणजे सोडला. म्हणजे डॉक्टरांनी... पण त्यांनी पाहिलाय! विचार!"

"खरं का गं मंजू?"

आता इथे मंजुषाबाईंनी हो म्हणायचं होतं. हो हा शब्द ओठांवर आलाही होता. पण दोन वर्षांचे निबंध डोळ्यांपुढे आले, गवतात आडवे पडून काढलेले फोटो आले, आणि मुख्य म्हणजे पिंपळापुऱ्यांचा तो आशाळभूत चेहरा समोर होता. त्यांना राहवलं नाही.

"मी ना," त्या म्हणाल्या, "तेव्हा मोजे पिळत होते."

वसुधा खळखळून हसली. मंजुषाबाईंना वाटलं, आता पिंपळापुरे उसळतील, भांडतील, आणि मग आपण खरं सांगू. पिंपळापुरे उसळले नाहीत. त्यांनी एकदाच मंजुषाबाईंकडे पाहिलं, खाली बसून दोरी गुंडाळली, आणि गाडीत जाऊन बसले.

मंजुषाबाईंची ती मजा पन्नास मैल टिकली. पिंपळापुऱ्यांनी रेडिओही लावला नाही. चौतीस वर्षांत एकाही रिपोर्टवर मंजुषाबाईंनी चुकीची सही केली नव्हती, आणि आज, साधा मासा पाहिला की नाही विचारलं तर मोजे! डब्यातली पुरणपोळीसुद्धा कुणी मागितली नाही.

रॉकफर्डजवळ एका डायनरमध्ये ते जेवायला थांबले. वसुधा हात धुवायला गेली. मंजुषाबाई टेबलावरून पुढे वाकल्या. "सांगते मी तिला. आत्ता आली की सांगते."

"नको," पिंपळापुरे म्हणाले. "आधी माझं सांगून होऊ द्या."

वसुधा परत येऊन बसली तशी त्यांनी सांगायला सुरुवात केली. मेन्यूकार्डाच्या मागे तोंड लपवत, पण सगळं सांगितलं. वाटण, तळं, हालिना, चकल्या, फोटो. मंजुषाबाई श्वास रोखून वसुधाकडे बघत होत्या.

वसुधानं पाण्याचा ग्लास खाली ठेवला. "झालं?" ती म्हणाली. "आता नीट ऐका. बुधवारी मी पार्क डिस्ट्रिक्टच्या स्विमिंग पूलवर व्यायामाला जाते ना? हालिना माझ्या शेजारी असते. दीड वर्षं."

मेन्यूकार्ड खाली आलं.

"पहिल्याच महिन्यात तिनं मला सांगितलं, तळ्यावर एक माणूस येतो, त्याला मासा पकडता येत नाही, पण काटेरी बिस्किटं फार छान आणतो. मी म्हटलं, असा माणूस शॉमबर्गमध्ये एकच. तेव्हापासून चकलीचं पीठ दुप्पट भिजवते मी. तुम्हाला वाटलं काय, वीस वीस चकल्या एकटा माणूस शनिवारी सकाळी खातो?"

"मग बोलली का नाहीस?" पिंपळापुऱ्यांनी विचारलं.

"बोलून काय करू? चाळीस वर्षांत पहिल्यांदा शनिवारी घर माझं झालं. कुणी डिशवॉशर पुन्हा लावत नाही, कुणी कुकरच्या शिट्ट्या मोजत नाही. शिवाय ताजा मासा घरपोच." मग ती मंजुषाबाईंकडे वळली. "आणि तू! दुर्बीण घेऊन पार्किंग लॉटमध्ये बसतेस? हालिनानं पहिल्याच दिवशी ओळखलं तुला. मी म्हटलं, शिकव तिला, तिलाही काहीतरी उद्योग हवा. पण तू विस्कॉन्सिन काढलंस. माझा शनिवार जाणार होता तुझ्यामुळे!"

मंजुषाबाईंना आयुष्यात पहिल्यांदा आपणच काचेवर असल्यासारखं वाटलं. पण आता निदान एक गोष्ट त्यांना दुरुस्त करायची होती. त्या ताठ बसल्या.

"वसुधा, एक राहिलं. तो टायगर ट्राउट खरा होता. मी पाहिला. माझ्याच हातातून सुटला. मोज्यांचं मी खोटं सांगितलं."

वसुधानं एकदा नवऱ्याकडे पाहिलं, एकदा मैत्रिणीकडे. पिंपळापुरे जोरजोरात मान हलवत होते.

"अंगभर नक्षी," ते म्हणाले.

"मेंदूसारखी," मंजुषाबाई म्हणाल्या. "आणि पंखांना पांढरी किनार."

"आई ब्राउन, बाप ब्रुक."

"पिल्लं होत नाहीत त्याला."

"अस्सं," वसुधा म्हणाली. "आणि दिसला तुम्हा दोघांनाच. मुळीच विश्वास बसत नाही माझा." आणि तिनं वेट्रेसला हाक मारून तिघांसाठी ॲपल पाय मागवला.

दोघांनी पुढचे साठ मैल तिला पटवायचा प्रयत्न केला. जितकं पटवावं तितकी ती जास्त हसे. घरापाशी उतरताना तिनं निकाल दिला. पुढच्या शनिवारपासून दोघांनीही विस्कॉन्सिनला जायचं, खऱ्या, आणि संध्याकाळी सहाच्या आत घरी यायचं नाही.

तसं सुरू झालं. सव्वापाचला एकच गाडी निघू लागली, तिच्यात दोन गळ, आणि हायवेवर चढेपर्यंत भांडण पेटलेलं असे. वसुधा आणि हालिना शनिवारी कधी डेव्हन ॲव्हेन्यूवर साड्या बघत हिंडत, कधी नुसत्या मागच्या अंगणात पडून राहत. जूनच्या पहिल्या आठवड्यात हालिनानं मोरपिशी साडी घेतली आणि दोघींचा फोटो ग्रुपवर पडला. त्या फोटोला पिंपळापुऱ्यांच्या सगळ्या माशांना मिळून आले नसतील एवढे अंगठे आले.

टायगर पुन्हा दिसला नाही. पहिले तीन शनिवार दुसरंही काही दिसलं नाही. चौथ्या शनिवारी, जून संपता संपता, एका पडलेल्या झाडाखाली पिंपळापुऱ्यांची दोरी थरथरली. मंजुषाबाई पलीकडच्या काठावर होत्या, बाही धरायला कुणी नव्हतं. त्यांनी पाहिलं, पिंपळापुऱ्यांचे ओठ हलताहेत. एक, दोन, तीन. मग गळ उचलला.

मासा छोटा होता, वीतभरही नसेल. पिंपळापुरे हात ओले करून, गुडघे टेकून पाण्यात बसले, चष्मा नाकावर सरकवून त्याच्याकडे बघत राहिले. मंजुषाबाई पाण्यातून चालत येऊन शेजारी उभ्या राहिल्या. यावेळी त्यांनी दोन्ही हात मागे बांधले होते.

"अंग फिकट," पिंपळापुरे हळूहळू म्हणाले. "ठिपके गडद. शेपटी कोरी. हे बघा, लाल ठिपका, भोवती निळं कडं." त्यांनी मान वर केली. "ब्राउन."

मंजुषाबाईंनी खाली वाकून माशाला डोक्यापासून शेपटीपर्यंत तपासलं. घाई केली नाही.

"बरोबर," त्या म्हणाल्या.

"काय म्हणालात?"

"ऐकलंत तुम्ही."

"पाण्याचा आवाज होता हो. एकदा पुन्हा म्हणा ना."

"मासा गुदमरतोय पिंपळापुरे. सोडा आधी त्याला!"